पोफळीवरून पोफळीवर

(दृश्य: सावित्रीची खाडी, ओहोटी. पाण्यालगत आडव्या पडलेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं.)

ही सावित्री. महाबळेश्वरला उगम पावून इथे, बाणकोटच्या किल्ल्याखाली समुद्राला मिळते. पलीकडे हरिहरेश्वर. माझं आजोळ याच खाडीकाठचं.

3 जून 2020 च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, सगळीकडे खांब आडवे झाले, वीज गेली, फोन गेले. त्यात टाळेबंदी. मुंबईत आम्ही नुसते नंबर फिरवत बसलो. सहाव्या दिवशी मामाचा आवाज ऐकू आला.

"माणसं धड आहोत रे. वाडी मात्र गेली."

(दृश्य: मामेभावाने मोबाइलवर केलेलं चित्रण.)

घराची अर्धी कौलं उडालेली. वाशांमधून आभाळ दिसतंय. माजघरात भाताची कणगी ताडपत्रीखाली झाकलेली, आणि तिच्या कडेने पावसाचं पाणी ठिबकतंय. पाऊस तोंडावर आलेला, आणि गावोगाव एकाच वेळी कौलं हवी होती.

आता वाडीकडे, म्हणजे बागेकडे बघा. पोफळीची मुळं खोल जात नाहीत. काही मुळासकट उपटल्या, काही कमरेत काडीसारख्या मोडल्या. त्यांच्या अंगावर चढवलेले मिरवेल त्यांच्याबरोबरच गेले, सावलीतली जायफळं बुंध्यांखाली चिरडली. हे लावलं होतं माझ्या पणजोबांनी.

वादळानंतर दोनच दिवसांनी वटपौर्णिमा होती. गावचा वड उन्मळून आडवा पडलेला. मामी आणि शेजारणी फांद्या ओलांडत गेल्या आणि त्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळून आल्या. या चित्रणात आवाज नाही, तरी मी ते पुन्हा पुन्हा बघतो.

नुकसानभरपाई आली, पण फळबागांना हेक्टरी 50 हजार अशा हिशेबाने. इथे हेक्टरात वाडी आहे कुणाची? गुंठ्यांचा कारभार, त्यातही सातबाऱ्यावर चार भावांची नावं. दहा गुंठ्यांना जेमतेम पाच हजार. पडलेली झाडं कापून बाहेर ओढायची मजुरी त्याहून जास्त. ओरड झाली, तेव्हा झाडावर दर ठरला: नारळाला 250 रुपये, पोफळीला 50. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. त्या वर्षांचा दर कुठल्याच कागदावर नव्हता, आणि तो असायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

(दृश्य: वाडी, अलीकडचं चित्रण.)

मामाने पुन्हा रोपं लावली. पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही, म्हणून आधी केळी लावल्या, त्यांच्या सावलीत ही रोपं. रोज संध्याकाळी तो एकेका आळ्यात हात घालून ओल बघतो.

सुपारी काढणाऱ्या पाडेल्याला लहानपणी आम्ही मान वर करून बघायचो. एका पोफळीवर चढायचा, शेंडा झोकवायचा आणि वरच्या वर दुसरी धरायचा. आख्खी रांग संपेपर्यंत त्याचा पाय जमिनीला लागत नसे. वादळातून वाचलेल्या पोफळी आता लांब लांब उभ्या आहेत. पाडेली एका झाडावरून खाली उतरतो, चार पावलं चालतो, पुन्हा दुसऱ्यावर चढतो. मामा खाली उभा राहून मधल्या रोपांकडे बोट दाखवतो.

"ही वर आली, की मग झोकव."