तास कुठे गेले, बिल कुठे अडलं

(पुण्यातल्या छोट्या सल्लागार व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, वेळ नोंदवायचं आणि बिल काढायचं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा प्रश्न बहुतेक वेळा नावं घेऊनच विचारला जातो. टॉगल घेऊ की क्लॉकिफाय? हार्वेस्ट बरं की झोहो? टॅली ऑफिसात आहेच, त्यातच भागेल का? मी म्हणतो, आधी तुमचं शेवटचं बिल दाखवा. ते कोणी तयार केलं, किती रकमेचं होतं, खात्यात प्रत्यक्षात किती आले आणि कधी आले, एवढं कळलं की निम्मी नावं आपोआप गळतात.

परदेशी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक धंदा असतो. वकिलांची फर्म, ताशी दर, सहा-सहा मिनिटांचे तुकडे. गुणाकार केला की बिल तयार. अमेरिकेत हे रुजायला कारणही तसंच घडलं. तिथल्या वकील संघटना किमान फीचे तक्ते ठरवून देत असत. १९७५ साली गोल्डफार्ब खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे तक्ते स्पर्धेच्या कायद्यात बसत नाहीत असं ठरवलं, आणि ताशी दराला आणखी जोर आला.

आपल्याकडे ऑडिट ठोक रकमेत, स्ट्रक्चरल डिझाइन चौरस फुटावर, आर्किटेक्टची फी बांधकाम खर्चाच्या टक्क्यात, एचआरवाल्याला महिन्याचा रीटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम. ताशी दर लावणारे मोजकेच. मग तास मोजायचे कशाला? तर ठोक फी एकदा ठरते आणि काम मात्र दरवर्षी फुगत जातं म्हणून. क्लायंटने दोन गोदामं वाढवली, एक शाखा उघडली, आपण मात्र जुन्याच आकड्यावर मान डोलावतोय. फी वाढवून मागायला बसताना हातात काही तरी हवं ना? तेव्हा आपल्याकडे तास हे मुख्यतः आपल्यासाठी असतात. म्हणून डेमो दाखवणाऱ्याला पहिलं विचारा: ठोक कामावर तास चढवता येतात का? त्या तासांना आपली आतली किंमत लावता येते का? आणि हे सगळं बिलावर न छापता राहतं का? या तिन्हीला सरळ ‘हो’ आलं नाही, तर चहा पिऊन निघा.

आता नोंदीकडे या. आर्टिकल, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारा उमेदवार, शनिवारी संध्याकाळी बसून आठवड्याचं टाइमशीट भरतो. सोमवार ते शुक्रवार, रोज एकच ओळ: ‘ऑडिट, ८ तास’. याला मी हजेरीपट म्हणतो. तीच नोंद अशी असली तर? ‘मार्चअखेरचा स्टॉक आणि लेजर जुळवलं, तीन आयटममध्ये फरक, स्टोअरवाल्याकडून खुलासा मागवला, १ तास ४० मिनिटं.’ यातून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधता येतो, फीचं बोलणं करता येतं आणि काम खरंच झालं का हेही समजतं. ही ओळ लिहायला किती वेळ लागतो, यावर सॉफ्टवेअरची खरी परीक्षा आहे. क्लायंट निवडा, मग प्रोजेक्ट, मग टास्क, मग सबटास्क, अशी उतरंड असली की पोरं पुन्हा शनिवारवर येतात. टायमरचं कौतुक मला फारसं नाही. माणूस खाली चहाला जातो आणि टायमर वर चालूच राहतो. त्यापेक्षा मोबाइलवर दोन टिचक्यांत हाताने नोंद करता येते का, आणि चाकणच्या एखाद्या प्लँटमध्ये रेंज गेली तर ती फोनमध्ये टिकून राहते का, हे बघा.

खरी माती होते ती बिलानंतर. एक साधं उदाहरण घेऊ. फी १,००,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बिल १,१८,०००. क्लायंट १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापतो, तोही फक्त फीवर, कारण जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नसतो. खात्यात येतात १,०८,०००. आपल्या हिशेबाने बिल पूर्ण फिटलं. उरलेले १०,००० आयकर खात्यात आपल्या नावावर जमा व्हायचे आहेत आणि २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या जमा-कराच्या उताऱ्यात, दिसायला हवेत. टीडीएसची कल्पनाच नसलेल्या सॉफ्टवेअरला मात्र वाटतं, १०,००० थकले. ते दर आठवड्याला क्लायंटच्या अकाउंटंटला नम्र इंग्रजीत तगादा लावतं. तो बिचारा वैतागून फोन करतो, आणि पुढचं बिल पास करताना आपली आठवण ठेवतो! त्यातून कोणी ‘तांत्रिक सेवा’ म्हणून २ टक्केच कापतं. म्हणजे कपातीचा दर प्रत्येक पावतीला बदलता यायला हवा, आणि वर्षाअखेरी कोणाचा टीडीएस २६एएसमध्ये आला नाही याची यादी निघायला हवी. ही यादी देणारं सॉफ्टवेअर दिसायला कितीही ओबडधोबड असलं तरी मी तेच घेईन.

करात अजून एक पाचर आहे, ती खास आर्किटेक्ट आणि इंजिनिअर मंडळींसाठी. एरवी नोंदणीकृत क्लायंट महाराष्ट्रातला असला की सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्र आणि राज्य असे दोन भाग), बाहेरचा असला की आयजीएसटी (आंतरराज्य कर). सॉफ्टवेअर पत्ता बघतं आणि ठरवतं. पण थेट स्थावर मालमत्तेशी निगडित सेवा असेल तर मालमत्ता कुठे आहे ते बघायचं असतं. ऑफिस पुण्यात, क्लायंट मुंबईचा, साइट पणजीला: कर आयजीएसटी. पत्त्यावर विसंबलेलं सॉफ्टवेअर इथे बिनदिक्कत चुकीचा कर लावतं. बिलागणिक ‘प्लेस ऑफ सप्लाय’, म्हणजे करासाठी धरायचं सेवेचं ठिकाण, हाताने बदलता येतं का, ते डेमोतच करून बघा.

आता प्रोफॉर्मा, म्हणजे टॅक्स इनव्हॉइसच्या आधी पाठवायचं कच्चं बिल. आपण सगळेच पाठवतो, कबूल करूया. पैसे हातात यायच्या आधी जीएसटी खिशातून भरायची कोणाला हौस आहे? म्हणून आधी प्रोफॉर्मा, पैसे आले की टॅक्स इनव्हॉइस. पण सेवा पुरवल्यापासून साधारणपणे ३० दिवसांत इनव्हॉइस काढावा लागतो, आणि प्रोफॉर्मा पाठवल्याने ते दिवस थांबत नाहीत. तीन महिन्यांहून लांबणारं, टप्प्याटप्प्याने पैसे ठरलेलं काम असेल तर नियम वेगळा, तिथे करारातल्या तारखा आणि टप्पे धरायचे. त्यामुळे दोन गोष्टी लागतात: प्रोफॉर्माची क्रमांकमालिका टॅक्स इनव्हॉइसपासून स्वतंत्र, आणि काम संपून इनव्हॉइस न निघालेल्यांची तारीखवार यादी. क्रमांकाचंही एक आहे. तो १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. फर्मचं नाव, शहर, वर्ष, विभाग असं सगळं त्यात कोंबायची हौस असेल तर आवरा. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की ई-इनव्हॉइस येतो, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथे थेट पोर्टलशी जोडलेलं काही तरी घेतलेलं बरं.

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करून टाका, आणि तो क्रमांक बिलावर छापायची सोय बघा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली तर क्लायंटला तो खर्च ज्या वर्षी पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मार्चमध्ये क्लायंटचा सीए स्वतःहून आपलं बिल शोधायला लागतो.

किरकोळ बाबी पटकन. रक्कम ११८,००० अशी छापणारं नको, आपल्याला १,१८,००० लागतं. बिलात मराठी मजकूर टाकून पीडीएफ काढून बघा. काही ठिकाणी जोडाक्षरांऐवजी चौकोन उमटतात. दोन माणसांचं ऑफिस असेल तर एक्सेल आणि टॅली पुरतं, उगाच दरमहा डॉलर पाठवू नका.

आणि घेण्याआधीच बाहेर पडून बघा. २०२३ मध्ये क्विकबुक्सने भारतातली सेवा बंद केली, तेव्हा वापरणाऱ्यांना सगळा डेटा उचलून दुसरीकडे न्यावा लागला. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. ट्रायलच्या पहिल्याच आठवड्यात गेल्या महिन्याची तीन खरी बिलं भरा: एक ठोक, एक रीटेनर, एक ताशी. मग सगळं एक्सेलमध्ये बाहेर काढा. बिलं बहुधा सुटसुटीत निघतात. तासांच्या नोंदी वर्णनासकट आणि माणसाच्या नावासकट निघतात का, ते नीट तपासा. आणि मुख्य लॉगिन फर्मच्या ईमेलवर घ्या, आर्टिकलच्या जीमेलवर नको. दोन वर्षांनी तो आर्टिकलशिप पूर्ण करून निघून जाणार आहे.