फॅक्टर हाताशी हवं

हिमोफिलिया असलेल्या मुलाला खरचटलं की त्याचा जीव धोक्यात येतो, असं अनेकांना वाटतं. घरच्यांना खरी धास्ती असते ती आतल्या रक्तस्रावाची. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साठतं. सांधा फुगतो, गरम होतो, रात्रभर ठणकतो. असं पुन्हा पुन्हा झालं की सांधा आखडतो आणि ऐन शाळेच्या वयात पोर लंगडू लागतं.

रक्त गोठवणारं एक प्रथिन या मुलांच्या रक्तात अपुरं असतं. ‘ए’ प्रकारात फॅक्टर आठ, ‘बी’ प्रकारात फॅक्टर नऊ. ते शिरेतून दिलं की रक्तस्राव थांबतो. औषध आहे, पण महाग आहे आणि वेळेवर मिळालं तरच उपयोगाचं. आपल्याकडे हा प्रश्न धसाला लावला तो रुग्णांनीच.

दिल्लीचे अशोक बहादूर वर्मा स्वतः हिमोफिलियाचे रुग्ण. १९८३ साली त्यांनी इतर रुग्णांना सोबत घेऊन हिमोफिलिया फेडरेशनची स्थापना केली. त्याच्या वीस वर्षं आधी कॅनडातल्या फ्रँक श्नाबेल यांनी जागतिक महासंघ उभा केला होता. तेही रुग्णच. रक्तापासून बनवलेल्या फॅक्टरमधून त्या काळी हजारो रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. श्नाबेल १९८७ मध्ये एड्सनेच गेले. १७ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस १९८९ पासून जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो.

मुंबई, पुणे, नाशिक इथेही फेडरेशनच्या शाखा आहेत. आमच्या मते या कामाचा कणा म्हणजे आया. हा आजार बहुतेकदा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून घरात बोलणी तिनेच खायची. खरं तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हिमोफिलिया नसतो. हे तिला इथे कुणीतरी समजावून सांगतं, आणि सांगणारी बहुधा त्यातून गेलेलीच असते.

मग शिकवणी सुरू होते. फॅक्टरच्या पावडरीत पाणी सोडायचं, बाटली अलगद फिरवायची. जोरात हलवायची नाही, फेस येतो. सूज दिसायची वाट पाहायची नाही. मूल म्हणालं ‘आत मुंग्या आल्यासारखं होतंय’, की फॅक्टर द्यायचं. अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. स्नायूत टोचायचं इंजेक्शन शक्यतो टाळायचं, आणि हे डॉक्टरांनाही न घाबरता सांगायचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला. सरकारी रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळू लागलं, त्यामागे या माणसांनी मंत्रालयापासून न्यायालयापर्यंत घातलेल्या खेपा आहेत. तरीही वाडीवरच्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला काही तास लागतात आणि तेवढ्यात गुडघा रक्ताने भरतो. म्हणून आता मागणी आहे ती घरीच फॅक्टर ठेवायला मिळण्याची, आणि रक्तस्राव होण्याआधीच ते ठरलेल्या दिवशी देण्याची.