सावता महाराजांचा मळा आणि आपलं ऑफिस

मंडळी, काम आणि घर यांचा मेळ या विषयावर बोलायचं म्हटल्यावर मला आधी अरणचे सावता महाराज आठवले. माढा तालुक्यातलं अरण, तिथून पंढरपूर काही लांब नाही, तरी महाराज मळा सोडून वारीला गेले नाहीत असं परंपरा सांगते. कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी म्हणाले आणि खुरपत राहिले. आजही बाकी संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण अरणला मात्र पांडुरंगाची पालखी सावतोबांना भेटायला जाते, केवढी मोठी गोष्ट आहे बघा ही!

आता हे ऐकलं की बरेच जण म्हणतात, म्हणजे कामातच देव आहे, मग रात्री अकरापर्यंत लॅपटॉप उघडा राहिला तरी काय बिघडलं. नाही हो, असं नाहीये ते. मळ्यात दिवस मावळला की खुरपं ठेवावंच लागतं. आपल्या कामाला मावळतीच राहिली नाही, जेवताना पण ताटाशेजारी फोन, त्यामुळे ती मावळती आपणच ठरवायला लागते. आमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ असतो, सगळे फोन सायलेंट करून फ्रीजवर ठेवायचे, नातीनं टाळ धरायचा, तिचा ताल चुकतो, चुकू दे. त्या अर्ध्या तासानंतर परत मेल बघायची इच्छाच होत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

पण दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही. तेरचे गोरोबाकाका. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं मूल आलं, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो, पुढे देवाने मूल परत दिलं म्हणून हात जोडतो आणि घरी जातो. पण मधे त्यांची बायको येते ना! ती रडते, नवऱ्यावर चिडते, आणि कथेने तिचा राग झाकलेला नाही. मला ही कथा फार मोलाची वाटते. तुमची साधना चालू असते तेव्हा घरात मूल कोण बघतंय, डबा कोण भरतंय, हे विचारायलाच पाहिजे, विशेषतः आम्हा पुरुषांना.

वारीचंच बघा. पेरणी उरकून माणूस आळंदीहून निघतो तो आषाढी होईपर्यंत घरी नाही, आणि मागे खुरपणी, जनावरं, धारा सगळं बाईच्या अंगावर. माझ्या आईने वर्षानुवर्षं ते केलं, वडील दरवर्षी जायचे. मग एका वर्षी वडिलांनीच सांगितलं, यंदा तू जा, म्हशी मी बघतो, आणि तिची तुळशीची माळ स्वतः पंढरपूरहून आणून दिलेली होतीच. तेव्हापासून आमच्या घरात पाळी लागली. यंदा सून चाललीये, तिने ऑफिसात रजा टाकलीये आणि स्वयंपाक मुलगा करणार आहे.