स्प्रिंगफील्डचा पेपर

श्रोतेहो, नमस्कार.

'द सिम्पसन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. निदान ती पिवळी माणसं तरी ओळखीची असतील. डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झालेली ही विनोदी मालिका आजही चालू आहे. होमर आणि मार्ज हे सिम्पसन जोडपं आणि त्यांची मुलं बार्ट, लिसा यांच्याविषयी पुष्कळ बोललं जातं. आज मी बोलणार आहे त्यांच्या गावातल्या वर्तमानपत्राविषयी. त्याचं नाव 'स्प्रिंगफील्ड शॉपर'.

मालिकेत हा पेपर बहुतेक वेळा क्षणभरच दिसतो. मथळा पडदाभर येतो, आपण हसतो आणि गोष्ट पुढे जाते. २००२ च्या एका भागात होमरच्या वडिलांचा फोटो असलेलं पेपरचं कात्रण आहे. मूठ उगारलेले आजोबा, आणि मथळा काय, तर 'म्हातारा ढगावर ओरडतो'! इंटरनेटवर हे कात्रण जगभर फिरलं. लोक हसतात, मीही हसलो. पण गावच्या पेपरवर माझा जीव आहे तो नेमका यासाठीच. या आजोबांचा फोटो दुसरा कुठला पेपर छापणार?

मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग मुळात छापील कागदाच्या जगातलेच. कॉलेजात त्यांनी विद्यार्थ्यांच्या पत्राचं संपादन केलं आणि पुढे लॉस एंजेलिसच्या एका साप्ताहिकात त्यांची व्यंगचित्रमाला येत असे. त्यामुळे 'शॉपर'ची टिंगल होते ती घरच्या माणसाने करावी तशी.

आता माझ्या सर्वांत आवडत्या भागाकडे येतो. १ नोव्हेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा दाखवला गेला. बार्ट आणि लिसा गावच्या अणुवीज प्रकल्पाखाली नदीवर गळ टाकून बसलेत. डेव्ह शटन नावाचा 'शॉपर'चा बातमीदार तिथून जाताना थांबतो, मुलांशी दोन शब्द बोलतो. तेवढ्यात बार्टच्या गळाला मासा लागतो. माशाला डोळे तीन! बातमी छापून येते आणि चक्रं फिरू लागतात. प्रकल्पाची सरकारी तपासणी होते, असंख्य त्रुटी सापडतात, दुरुस्तीचा खर्च कोट्यवधी डॉलर. हा खर्च टाळायला मालक बर्न्स थेट गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभा राहतो. मतदानाच्या आदल्या रात्री तो सिम्पसनांच्या घरी जेवायला येतो, सोबत पत्रकार आणि कॅमेरे. मार्ज त्याच्या पुढ्यात तोच तीन डोळ्यांचा मासा शिजवून ठेवते. बर्न्स घास तोंडात घेतो, पण गिळू शकत नाही. तो घास थुंकतो आणि निवडणूक हरतो.

या साऱ्याची सुरुवात कुठून झाली? वाटेत थांबलेल्या एका बातमीदारापासून.

बर्न्सही धडा शिकतो. २००४ च्या एका भागात गाव आपला किती तिरस्कार करतं हे कळल्यावर तो स्प्रिंगफील्डमधली सगळी प्रसारमाध्यमं विकत घेतो. उरते फक्त आठ वर्षांची लिसा आणि तिचं घरी काढलेलं छोटं पत्र. बर्न्स तिच्या घरची वीज तोडतो, तर शाळेचे मुख्याध्यापक स्किनर तिला आपलं जुनं सायक्लोस्टाइलचं यंत्र देतात. शेवटी लिसा थकून हार मानते. तेव्हा होमर स्वतःचं पत्र काढतो, त्याचं पाहून सारा गाव काढतो.

हा शेवट मला फार सुंदर वाटतो, आणि तरीही काळजी उरते. २००५ पासून अमेरिकेत ३,००० हून अधिक वर्तमानपत्रं बंद पडली. त्यांतली बहुतेक लहान गावांची साप्ताहिकं. जाहिराती इंटरनेटकडे गेल्या, आणि अनेक पेपर गुंतवणूकदारांच्या हाती जाऊन आटत गेले. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांना असंही दिसलं, की पेपर बंद पडला की त्या भागातल्या स्थानिक संस्थांना कर्ज महाग पडतं. कारभारावर कुणाची नजर उरली नाही, की पैसे देणारा जास्त व्याज मागतो.

मतं मांडायला आज प्रत्येकाच्या हाती फोन आहे, आणि ते चांगलंच आहे. पण नगरपालिकेच्या सभेत तीन तास बसून अंदाजपत्रकातला आकडा टिपणं, कारखान्याच्या फाटकावर पुन्हा पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारणं, हे फावल्या वेळात होत नाही. त्याला पगारावर ठेवलेला माणूस लागतो, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापणारा संपादकही. आपल्याकडे तालुक्याचं साप्ताहिक चालवणाऱ्या कुणालाही विचारा, पगाराची ही जुळवाजुळव किती अवघड असते ते तो सांगेल.

हे दोन्ही भाग मिळाले तर लागोपाठ पाहा. आधी १९९० चा, मग २००४ चा. घरातल्या मुलांनाही सोबत बसवा.

नमस्कार.