आवाज यंत्राचा की कोपऱ्याचा?

मंडळी, सुरुवात आकड्यापासून करतो, कारण हीट पंपाच्या, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राच्या, आवाजावरची निम्मी भांडणं आकड्यातूनच पेटतात. यंत्राच्या लेबलवर असतं 60 डेसिबल. त्याच यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं 40 डेसिबल. विकणारा 40 सांगतो, शेजारी 60 वाचून दाखवतो, आणि गंमत अशी की खोटं दोघंही बोलत नसतात.

60 ही यंत्राची ध्वनिशक्ती. यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं, त्याचं हे माप. ते कुठेही नेऊन ठेवा, हा आकडा बदलत नाही. 40 हा तुमच्या कानाशी पोचणारा दाब, तोही यंत्र मोकळ्या जमिनीवर आणि कान 4 मीटर लांब असताना. बल्ब किती वॅटचा हे एक आणि पुस्तकाच्या पानावर उजेड किती पडतो हे दुसरं, तसंच हे. सोबत अंतर लिहिलेलं नसेल तर असा 40-45चा आकडा मी सरळ सोडून देतो.

आता थोडा हिशेब, फक्त वजाबाकीचा. मोकळ्या जमिनीवरचं 60चं यंत्र 1 मीटरवर 52 ऐकू येतं. अंतर दुप्पट केलं की 6 कमी: 2 मीटरवर 46, 4 मीटरवर 40. यंत्र भिंतीला लागून ठेवलं की 3 वाढले, कारण मागे जाणारा आवाज परतून पुढे येतो. दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवलं की 6 वाढले. म्हणजे 4 मीटरवर पुन्हा 46. कोपऱ्यात यंत्र ठेवणं म्हणजे ते शेजाऱ्याच्या निम्मं जवळ नेऊन ठेवणं. आणि आपण ते ठेवतो कुठे? दिसायला बरं नाही म्हणून नेमकं कोपऱ्यात.

युरोपीय संघाच्या 2013च्या 813 क्रमांकाच्या नियमानं बाहेरच्या यंत्राच्या ध्वनिशक्तीला मर्यादा घातली: 6 किलोवॅटपर्यंत 65 डेसिबल, त्यापुढे 12 किलोवॅटपर्यंत 70. नियम चांगला आहे, पण तो यंत्राला लागतो, कोपऱ्याला नाही.

आवाज येतो कुठून? हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसीच. बाहेरच्या हवेतली उष्णता गोळा करून घरात आणायची. त्यासाठी बाहेरच्या खोक्यात दोन गोष्टी लागतात, पंखा आणि कॉम्प्रेसर. पंख्याबद्दल फार बोलत नाही, कारण तो भिडस्त आहे. त्याची सळसळ वाऱ्यात मिसळून जाते. शिवाय त्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण 15 डेसिबलनं उतरतो. म्हणून मोठ्या पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा शांत असतो, आणि लहान, भराभर फिरणारा कान खातो.

खरा मामला कॉम्प्रेसरचा. तो एक सूर धरतो. खालचा, खर्जातला, बऱ्याचदा 50 ते 200 हर्ट्झमधला. कान सळसळीला सरावतो, पण सुराचा पाठलाग करत बसतो. त्यात मोजणाऱ्या मीटरची भानगड अशी की आपण नेहमी वापरतो ते 'ए' वजन खालच्या सुरांना कमी लेखतं. 100 हर्ट्झला ते तब्बल 19 डेसिबल वजा करून दाखवतं. हे वजन कानाच्या स्वभावावरूनच घेतलंय, पण मध्यरात्री बाकी सगळं निपचित असताना उरलेला एकच सूर किती टोचेल, हे ते सांगत नाही.

एका घरी मोजायला गेलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 साली झोपायच्या खोलीसाठी 30 डेसिबल सुचवले. माझा मीटर त्याच्या आतच होता. घरमालक मात्र बसल्या जागी पेंगत होते, तीन आठवडे धड झोप नव्हती. मी मीटर बंद केला आणि तळहात भिंतीला लावला. भिंत गुणगुणत होती. पलीकडे न्हाणीघरातल्या काचेच्या फळीवर दोन बाटल्या एकमेकींना चिकटून बारीक किणकिणत होत्या. त्यातली एक बोटभर सरकवली, किणकिण थांबली. कारण बाहेर होतं. खोकं त्याच भिंतीवर ब्रॅकेटनं टांगलेलं, तांब्याच्या नळ्या भोकात सिमेंटनं घट्ट लिंपलेल्या, आणि क्लॅम्प इतके आवळलेले की रबराचा तुकडा मावायची सोय नाही. बसवणाऱ्यानं काम 'पक्कं' केलं होतं! खोकं जमिनीवर रबरी पायांवर उतरवलं, नळ्यांना लवचीक जोड दिला, भोक मऊ भरणानं भरलं. अंगणात मीटरचा आकडा जेमतेम हलला. भिंत मात्र गप्प झाली.

दुसरी तक्रार असते, "मध्येच फुसकारतं." दमट थंडीत, पारा शून्याच्या आसपास असताना, बाहेरच्या कॉइलवर, म्हणजे हवेतली उष्णता शोषणाऱ्या नळ्यांवर, हिम साचतं आणि हवेची वाट बंद होते. मग यंत्र चक्र उलटं फिरवतं, घरातली थोडी उष्णता बाहेर नेऊन हिम वितळवतं. पंखा थांबतो, झडप खटकते, वायूचा लोट सुटतो, वाफ उठते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, पेटलं की काय. हा डिफ्रॉस्ट काही मिनिटांचाच असतो, पण झोपमोड व्हायला तेवढा बदल पुरतो.

उपाय विचाराल तर यंत्र घ्यायच्या आधीचे उपाय स्वस्त, नंतरचे महाग. घराच्या गरजेपेक्षा लहान यंत्र घेतलं तर ते कडाक्याच्या रात्री ऊर फुटेस्तोवर पळणार. फार मोठं घेतलं तर सारखं बंद-चालू होणार. गरम पाण्यानं खोली तापवणारे रेडिएटर मोठे ठेवून कमी गरम पाण्यावर भागवलं तर इन्व्हर्टर, म्हणजे वेग कमी-जास्त करू शकणारा, कॉम्प्रेसर संथ चालतो, आवाजही कमी आणि वीजही. रात्रीचा 'नाईट मोड' हे काही जादूचं बटण नाही. तो यंत्राची ताकद कापतो, म्हणून कडाक्याच्या रात्री घर गार पडतं.

कुंपणाचं विचारतात. यंत्र आणि खिडकी यांच्यामध्ये भक्कम, फटी नसलेली आडोशाची भिंत घातली की 5 ते 10 डेसिबल वाचतात, पण वरच्या सुरांत जास्त. 100 हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. दीड मीटरच्या भिंतीवरून ती सहज पलीकडे जाते. खोक्यालाच खोकं घालायचं असेल तर हवा मोकळी जाईल-येईल असंच घाला, नाहीतर यंत्र स्वतःचीच गारठलेली हवा पुन्हा ओढत बसतं आणि आणखी जोरात पळतं.

मागून एक प्रश्न आलाय, झुडपं लावली तर? एका ओळीनं मोजण्याइतका काही फरक पडत नाही. पण यंत्र नजरेआड गेलं की तक्रारी कमी होतात, हेही मी पाहिलंय. तेव्हा लावा, फक्त कॉइलपासून हातभर लांब. पानं अडकली की पंख्याचा सूर बदलतो, आणि मग मला पुन्हा यावं लागतं.