रेड हूकचं कोर्ट

हे ब्रुकलिनमधलं रेड हूक. न्यूयॉर्क शहरातच आहे, पण एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे हायवे, त्यामुळे बाकी शहरापासून तुटल्यासारखं. भलीमोठी सरकारी वसाहत, आणि एके काळी इथे ड्रग्जचा धंदा राजरोस चालायचा. डिसेंबर १९९२ मध्ये इथल्या शाळेचे हेडमास्तर पॅट्रिक डेली, एक पोरगं भांडण झालं म्हणून रडत शाळेतून निघून गेलं तर त्याला शोधायला बाहेर पडले, आणि टोळ्यांच्या गोळीबारात सापडून जागीच कोसळले.

त्या धक्क्यानंतर हालचाल सुरू झाली आणि २००० साली हे कम्युनिटी कोर्ट, म्हणजे वस्तीतच, वस्तीसाठी चालणारं कोर्ट उघडलं, तेही चर्चच्या एका बंद पडलेल्या शाळेत. आत आलात की पहिली गोष्ट दिसते ती जजची खुर्ची. मुद्दाम खाली ठेवलीय, समोर उभ्या माणसाच्या डोळ्यात बघून बोलता यावं म्हणून.

इथे येणाऱ्या केसेस किरकोळ, दुकानातली चोरी, खिशात सापडलेलं थोडंसं ड्रग्ज वगैरे. एरवी अशा माणसाला दोन मिनिटं उभं करतात, थोडे दिवस आत टाकतात नाहीतर नुसतं सोडून देतात, आणि तो पुन्हा तिथेच. इथे आधी सोशल वर्कर बसून सगळं विचारतात, नशा किती, राहतो कुठे, काम आहे का, आणि मग जज ठरवतात, नशामुक्तीचा उपचार, काउन्सेलिंग की वस्तीतलं साफसफाईचं काम. नाही केलं तर जेल आहेच हं, ते कुणी विसरू नये. अ‍ॅलेक्स कॅलाब्रीज इथे वर्षानुवर्षं जज होते, आणि वसाहतीतल्या भाडेकरूंच्या घरदुरुस्तीची केस आली, तीही इथेच चालते, की ते स्वतः त्या घरी जाऊन बघायचे.

२०१३ च्या अभ्यासात दिसलं की इथून गेलेले प्रौढ आरोपी पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण नेहमीच्या कोर्टातून गेलेल्यांपेक्षा १० टक्क्यांनी कमी, अल्पवयीन मुलांचं २० टक्क्यांनी. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याचं कारण, अभ्यासकांच्या मते ना उपचार, ना शिक्षेची भीती, तर आपल्याला नीट वागवलं, आपलं ऐकून घेतलं हे लोकांना जाणवलं, त्याचा हा परिणाम.

आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा आलीय. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला तर जेलऐवजी सेवा. पण त्या माणसाशी आधी बसून बोलणार कोण, त्याची नशा सोडवणार कोण, ही माणसं प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात नेमायला हवीत, आणि लवकर.