गोणीमागे आठ आणे

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी पैशाबद्दल बोलणार आहे. पाळणाघराला आणि शाळा सुटल्यानंतरच्या वर्गाला पैसा कुठून आणायचा, एवढंच. लेकरं कशी सांभाळायची हे तुम्हा आयाबायांना मी काय सांगणार? पण पाळणाघराचा विषय निघाला की गावोगावच्या बायका मला एकच विचारतात, "ताई, पैशाचं काय?"

तर आधी एक गोष्ट मनात पक्की करा. पाळणाघराचा खर्च म्हणजे सांभाळणाऱ्या बाईचा पगार. खोली मिळते. समाजमंदिर असतं, देवळाचा सभामंडप असतो, कुणाचं तरी रिकामं घर असतं. सतरंज्या मिळतात, खेळणी मिळतात, नातवाच्या वाढदिवसाला कुणी ताटल्या-वाट्या आणून देतं. हे सगळं एकदाच लागतं, आणि एकदा द्यायला माणसं तयार असतात. बाईचा पगार मात्र दर महिन्याला लागतो. पावसाळ्यात लागतो, दिवाळीत लागतो. बंद पडलेली जेवढी पाळणाघरं मी पाहिली, त्यातलं एकही खेळण्यांवाचून बंद पडलं नाही. पगार थकला, बाई रोजंदारीवर निघून गेली, दाराला कुलूप लागलं. पुन्हा सांगते, खर्च म्हणजे बाईचा पगार. पैसा शोधायचा तो त्याच्यासाठी.

अंगणवाडी आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि ती फार मोठी गोष्ट आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पोरं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर या बायका पोरांच्या अंगणात गेल्या, गुराख्यांच्या पोरांसाठी कुरणात गेल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण ती भरते काही तास, आणि तिथं बसतात तीन ते सहा वर्षांची मुलं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभर विसावायला जागा मिळत नाही. आई सकाळी आठला घर सोडते आणि संध्याकाळी सहाला परत येते. मधल्या वेळात ते बाळ कुठं असतं?

आमच्याकडे ते खळ्यावर असतं. मी निफाड तालुक्यात काम करते. लासलगावच्या आसपास ज्यांनी व्यापाऱ्यांची खळी पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र येईल. पत्र्याची शेड, मधोमध कांद्याचा ढीग, भोवती बायका. मोठा कांदा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, सडका बाजूला. पन्नास-पन्नास किलोच्या जाळीच्या गोण्या भरायच्या, शिवायच्या. दिवसभर पापुद्रा उडत असतो, बायकांच्या पापण्यांवरसुद्धा बसतो. आणि दोन खांबांना साडी बांधून केलेल्या झोळीत बाळं.

झोळीवरून सांगते, साडीच्या झोळीसारखा पाळणा नाही. आम्हाला एकदा लोखंडी पाळणे देणगीत आले होते. बाळं त्यात घाबरून उठायची, शेवटी त्यात आम्ही कपडे ठेवले. आईच्या जुन्या साडीला आईचा वास असतो, बाळ त्यात निवांत झोपतं. नव्या पाळणाघरांनी पाळणे विकत घेऊ नयेत, आयांकडून साड्या मागून घ्याव्यात, असं माझं अगदी ठाम मत आहे.

असो. ज्या खळ्याची गोष्ट मी सांगणार आहे, तिथं बावीस बायका होत्या आणि चौदा लेकरं. एके दुपारी ट्रॉली मागे घेताना एक दीड वर्षाचं पोर बारदानावर झोपलेलं होतं. कुणीतरी किंचाळलं, ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. चाक आणि पोराचं डोकं यांत हातभर अंतर राहिलं होतं. त्या दिवशी खळ्यावर कुणाचा डबा उघडला नाही.

मी शेठकडे गेले. पाळणाघरासाठी देणगी मागितली. त्यांनी बसवून चहा दिला आणि अकराशे रुपये दिले. महिना संपायच्या आत ते संपले. पुन्हा गेले, पाचशे मिळाले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "ताई, देणगी माणूस वर्षातून एकदा देतो." माणूस वाईट नव्हता. देणगी खरंच वर्षातून एकदा देतात. चूक माझ्या मागण्यात होती, पण तेव्हा मला ती दिसत नव्हती.

ती दिसली आमच्यातल्या एका आजींना. सत्तरीच्या आजी, गोल्टी निवडायला बसायच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मला म्हणाल्या, "पोरी, आता तू मागाया जाऊ नको. मी उद्या मोजते." काय मोजणार ते काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या उजव्या हाताला एक रिकामं टोपलं ठेवलं. सकाळी कामाला सुरुवात झाली. एक बाई झोळी हलवायला उठली. आजींनी एक गोल्टी टोपल्यात टाकली. दुसरी बाई पाजायला उठली, दुसरी गोल्टी पडली. एक पोर ट्रॉलीकडे रांगत निघालं, त्याच्यामागे आई धावली, तिसरी. कुणी शी धुवायला उठलं, कुणी पाणी पाजायला, कुणी दोन पोरांची भांडणं सोडवायला. आजींचे दोन्ही हात कांद्यात आणि नजर बायकांवर. जेवायच्या सुट्टीत त्यांनी एकही गोल्टी टाकली नाही. म्हणाल्या, "ती येळ आपली हाय, शेठची न्हाई."

संध्याकाळी शेठ हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, वाटायला आले. आजी टोपलं घेऊन उठल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर पालथं केलं. शेठना वाटलं मालाची तक्रार आहे. त्यांनी एक गोल्टी उचलली, बोटांनी दाबून पाहिली आणि विचारलं, "माल तर चांगला आहे. वेगळा का काढला?"

आजी म्हणाल्या, "मोजा."

मुनीमजींनी मोजल्या. १२७ भरल्या.

"लेकरापायी बाई उठली की एक टाकली," आजी म्हणाल्या. "आता एका उठण्याला किती येळ जातो ते बी मोजा."

यावर बायकांचं जुंपलं. एक म्हणाली दोन मिनिटं, दुसरी म्हणाली पाजायला पंधरा मिनिटं लागतात. शेवटी पाच मिनिटांवर मिटलं. मुनीमजींनी हिशेब केला. ६३५ मिनिटं झाली. म्हणजे साडेदहा तासांहून जास्त. शेठ बराच वेळ त्या ढिगाकडे बघत उभे राहिले.

शेठ आजींच्या डोळ्यांसमोर वाढलेले. आजी त्यांना म्हणाल्या, "बाळा, एका बाईची हजेरी तू रोजच देतोस, आन ती बाई कांदा निवडत न्हाई. मग ती लेकरांपाशीच बसू दे की."

श्रोतेहो, महिनोन्‌महिने देणग्या मागून मला जे जमलं नाही ते त्या एका टोपल्यानं केलं. तेव्हा बाईची हजेरी २०० रुपये होती आणि त्या खळ्यावरून दिवसाला साधारण ४०० गोण्या निघायच्या. गोणीमागे आठ आणे ठरले. चारशे गोण्यांचे दोनशे रुपये, म्हणजे बरोबर एका बाईची हजेरी. मुनीमजींनी रोजच्या खर्चाच्या वहीत हमाली, तोलाई, बारदान, सुतळी यांच्या खाली एक नवी ओळ लिहिली. पाळणा, ५० पैसे. ती ओळ देणगीच्या वहीतून खर्चाच्या वहीत आली, आणि मग ती थांबली नाही. हजेरी वाढली तसा गोणीमागचा दरही वाढत गेला. बाजूच्या आणखी एका खळ्यानं हीच पद्धत घेतली. तिसऱ्या खळ्यानं नाही घेतली, तिथल्या बायका आजही झोळी हलवायला उठतात.

हेच मला सगळ्यांना सांगायचं आहे. मुलांचा सांभाळ हा कामाचाच खर्च आहे, तो कामाच्या हिशेबात मांडायला लावा. ही काही जगावेगळी मागणी नाही. त्याच गोण्या उचलणाऱ्या हमालांसाठी १९६९ च्या माथाडी कायद्यानं लेव्ही आणली, म्हणजे मजुरीवर मालकानं वेगळे पैसे भरायचे, हमालांच्या कल्याणासाठी. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर घेतात, तो कामगारांच्या कल्याणासाठी. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी साखर कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलं. ऊसतोडणीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांची वसतिगृहं त्याच महामंडळामार्फत. टनावर होतं, तर गोणीवर का होऊ नये? द्राक्षाच्या पेटीवर का होऊ नये? १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर होतंच, पण तीसहून जास्त बायका असतील तर. आमच्या खळ्यावर बावीस होत्या.

आयांकडून आम्ही लेकरामागे रोज पाच रुपये घ्यायचो. ते दूध आणि पोह्यांसाठी, पगारासाठी नाही. आणि एखादीकडे नसले तर तिचं पोर दारातून परत पाठवायचं नाही.

पण पावसाळ्यात आवक कमी होते, गोण्या कमी निघतात, आणि गोणीवरचा पैसा आटतो. तेव्हा दुसरा आधार लागतो. तो आपल्या गावातच आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. दहा टक्के, लक्षात ठेवा. बहुतेक गावांत हा पैसा मार्चमध्ये घाईघाईनं संपतो, वस्तू वाटून. आम्ही मागणी केली ती वस्तूंची नाही, सांभाळणाऱ्या बाईच्या चार महिन्यांच्या मानधनाची. आदिवासी भागातल्या बहिणींसाठी पेसा गावांचा, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांचा, अबंध निधी आहे. आदिवासी उपयोजनेच्या पैशातला तो ५ टक्के हिस्सा, तो थेट ग्रामपंचायतीला येतो आणि कशावर खर्चायचा ते ग्रामसभा ठरवते. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची 'पाळणा' योजनाही आहे, तिचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा उचलतात. आपल्या गावासाठी ती मिळेल का, हे अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाबाईंना विचारा.

कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे जरूर जा. २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के अशा कामांवर खर्च करायला लावलं आहे. पण अर्जात पहिली ओळ काय लिहायची? सांभाळणाऱ्या बाईचा पगार. रंगकाम शेवटी.

आणि हो, कंपनीची माणसं बघायला येणार म्हणून तीन वर्षांच्या पोरांकडून ए बी सी डी घोकून घेऊ नका. मला ते पाहवत नाही. त्या वयाच्या मुलाला माती द्या, पाणी द्या, चिंचोके मोजू द्या. मराठीत चार गाणी नीट म्हणता आली की पुढच्या सगळ्या भाषा येतात.

शाळा सुटल्यानंतरच्या वर्गाचं थोडक्यात सांगते. पाळणाघर सुरू झालं तेव्हा खळ्यावर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसणाऱ्या तीन मुली मोकळ्या झाल्या. त्या शाळेत जाऊ लागल्या. मग प्रश्न आला पाचनंतरचा. आई सहाला येणार, घराला कुलूप. आम्ही त्याच खोलीत पाच ते सात वर्ग सुरू केला. खोली तीच, सतरंजी तीच, वाढला तो एक दिवा आणि गावातल्या बारावी झालेल्या मुलीचं दोन तासांचं मानधन. ते ग्रामपंचायतीच्या दहा टक्क्यांतून मिळालं. पाळणाघर उभं असेल तर संध्याकाळचा वर्ग फार थोड्या पैशात होतो. दोन्ही वेगवेगळे उभे करू नका.

आता ग्रामसभेचं. ती भर दुपारी, कामाच्या वेळेला भरली तर मजुरीवर जाणारी बाई येणार कशी? म्हणून कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिला सभा सांगितली आहे. ती संध्याकाळी लावा, असा आग्रह धरा. पाळणाघराची मागणी तिथं ठराव म्हणून मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या, बोलून सोडू नका. सोबत अर्ज द्या, दोन प्रतींत. त्यात मुलं किती, तीन वर्षांखालची किती, आया कामावर किती वाजता जातात आणि किती वाजता येतात, बाईचं मानधन महिन्याला किती, हे लिहा. एका प्रतीवर ग्रामपंचायतीचा शिक्का, सही आणि तारीख घ्या, आणि ती प्रत घरातल्या रेशनकार्डाशेजारी ठेवा.

नमस्कार.